विल रॉजर्स आणि आमचा अण्णा

परवा रात्री झोप येईना म्हणून एक जुना मूकपट लावून बसलो. 'द रोपिन फूल', १९२२ सालचा. गोष्ट म्हणाल तर बेतास बात. पण त्यातला माणूस दोरीचे जे प्रकार करतो ते बघून मी चांगला ताठ उठून बसलो. समोरून घोडा भरधाव येतोय, वर स्वार बसलाय, आणि हा पठ्ठ्या एकदम तीन दोऱ्या फेकतो. एक घोड्याच्या गळ्यात, दुसरी स्वाराभोवती आणि तिसरी घोड्याच्या चारही पायांत! पडद्यावर नीट दिसावी म्हणून दोरी पांढरी केली होती म्हणे.

हा माणूस म्हणजे विल रॉजर्स. आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घराघरात पोचलेला विनोदी माणूस. मग काय, पुढचे आठ-दहा दिवस मिळेल ते वाचत सुटलो. (बायकोच्या मते मला दर सहा महिन्यांनी असा एक माणूस चावतो.)

जन्म १८७९चा, ऊलगा नावाच्या गावाजवळचा. आज तो भाग ओक्लाहोमा राज्यात येतो, तेव्हा 'इंडियन टेरिटरी' म्हणत. आई आणि वडील दोघांकडूनही चेरोकी रक्त. अमेरिकेत कुणी आपलं खानदान सांगताना पूर्वज 'मेफ्लॉवर' जहाजातून आल्याचं मिरवायला लागलं, की हा म्हणायचा, आमचे काही त्या जहाजातून आले नाहीत, ते किनाऱ्यावर त्यांना घ्यायला आले होते! आई तो दहा वर्षांचा असताना गेली. शाळेत मन रमलं नाही. दोरीत मात्र रमलं, आणि ती दोरी त्याला शिकवली डॅन वॉकर नावाच्या, वडिलांच्या रँचवर काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय काऊबॉयनं. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरी गंमत पुढेच आहे. हा विनोदी माणूस मुळात बोलतच नव्हता. १९०५मध्ये न्यूयॉर्कला रंगमंचावर आला तो नुसता दोरी फिरवायला. एकदा कुणीतरी सुचवलं, की दोन दोऱ्यांचा खेळ अवघड आहे, तो करण्याआधी लोकांना जरा समजावून सांग. यानं आपल्या गावाकडच्या हेलात सांगितलं आणि प्रेक्षक हसले. स्वारी भयंकर चिडली. आपल्याला हसतात म्हणजे काय? सोबतच्यांनी समजूत घातली, की बाबा रे, हसले ते चांगलंच झालं. तेव्हा कुठे तो बोलायला लागला. कधी फास चुकलाच तर त्यावरही एखादं वाक्य तयार असायचं.

पुढे झीगफेल्डच्या कार्यक्रमात तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा यायला लागले आणि रोज नवे विनोद आणायचे कुठून हा प्रश्न पडला. बायको, बेटी, म्हणाली, रोज पेपर वाचतोस ना, त्यावरच बोल की. झालं! तेव्हापासून पेपरात वाचतो तेवढंच मला कळतं, हे त्याचं पालुपद झालं.

मे १९१६मध्ये बाल्टिमोरला समोर राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन स्वतः येऊन बसले. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडावर त्यांचीच थट्टा करायची! याची पुरती गाळण उडाली. मी जरा घाबरलोय, असं त्यानं स्टेजवर येऊन सांगूनच टाकलं. मग हळूच सैन्याकडे वळला. मशीनगन घ्यायचं म्हणे चाललंय, कुणाकडून उसनी मिळाली तर. मग जर्मनीशी चाललेल्या पत्रापत्रीवर, की आपले अध्यक्ष मध्यंतरी पाच पत्रांनी मागे पडले होते, आता बरं चाललंय. आणि विल्सन खळखळून हसले.

मला हे फार आवडलं. ज्याची थट्टा करायची तो समोर बसलेला, आणि तो आपल्यापेक्षा मोठा, ताकदवान. शिवाय पहिला टोला स्वतःलाच. विनोद करायची याहून सभ्य रीत कुठली असणार?

तेवढंच नाही. जानेवारी १९२८मध्ये रेडिओवर यानं राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या आवाजाची नक्कल केली. ती इतकी बेमालूम, की काही श्रोत्यांना खरंच राष्ट्राध्यक्ष बोलताहेत असं वाटलं. रॉजर्सला कसंसंच झालं. त्यानं पत्र लिहून माफी मागितली आणि कूलिजनीही मोठ्या मनानं, एवढं मनाला लावून घेऊ नका, असं कळवलं.

इथवर मी रॉजर्सच्या पार प्रेमात पडलो होतो. न आवडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, असं म्हणणारा माणूस!

मग १९३४ साल आलं. जानेवारीतल्या एका रेडिओ कार्यक्रमात कृष्णवर्णीयांच्या भक्तिगीतांविषयी बोलताना त्यानं त्यांच्यासाठी एक घाणेरडा शब्द वापरला. एकदा नव्हे, अनेकदा. निषेधाच्या तारा आल्या, त्यांच्या वर्तमानपत्रांनी झोडपलं. यानं खुलासा केला, की माझ्या मनात तसं काही नव्हतं, मी तर त्यांच्यातच वाढलो, त्यांनीच मला वाढवलं. आणि त्या खुलाशातही पुन्हा त्यांना हिणवणाराच दुसरा शब्द!

मी लॅपटॉप मिटला. डॅन वॉकर आठवला. ज्या दोरीनं याला न्यूयॉर्कला नेलं ती दोरी ज्यानं हातात दिली, तोही त्या शब्दात आलाच की. आणि मला आणखी एक लागलं ते हे, की राष्ट्राध्यक्षांची माफी मागायला याला पत्र लिहिता आलं. इथे मात्र 'तसं नव्हतं मनात' एवढ्यावर भागवलं.

खरं सांगायचं तर रॉजर्स हे निमित्त. झोप उडाली ती वेगळ्याच कारणानं.

आमचा अण्णा, म्हणजे माझा आतेभाऊ, कराडला पिठाची गिरणी चालवतो. मला सायकल शिकवली ती यानंच. अख्खी मे महिन्याची सुट्टी तो कॅरिअर धरून माझ्यामागे पळत होता. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुंज होती. अण्णा गिरणी बंद करून तसाच धावत आला. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पीठ. हॉल भरलेला. मी घरातला 'विनोदी' माणूस. मी दारातूनच ओरडलो, "रांगोळी राहिली होती ना? अण्णाला दारात उभं करून दोनदा झटका, गालिचा होईल!"

सगळा हॉल हसला. अण्णाही हसला. रुमालानं कान पुसत हसला.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. चहा गाळता गाळता ती सहज म्हणाली, "अण्णा आता कुठल्या कार्याला वेळेवर पोचत नाही बघ. आधी घरी येतो, डोक्यावरून अंघोळ करतो, मग आरशासमोर कान पुसत बसतो. तोवर पंगती उठून जातात." मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "तुमच्याकडच्या मुंजीपासून."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "अगं, मी गमतीनं बोललो," असं मी म्हणालोसुद्धा. आता कळतंय, की मीही खुलासाच करत होतो.

साहेबासमोर असली गंमत मला कधी सुचलेली नाही. सुचलीच तर दहादा तोलून मग बोलतो. अण्णासमोर तोलावं लागलं नाही, कारण अण्णा उलटून बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. रॉजर्सलाही पहिल्यांदा लोक हसले तेव्हा लागलं होतं. पण तीस वर्षं टाळ्या मिळाल्या की ते लागणं माणूस विसरत असावा. मला तर टाळ्या नात्यातल्या चाळीस माणसांच्याच मिळाल्या होत्या, त्यातही विसरलो.

रॉजर्स १५ ऑगस्ट १९३५ला अलास्कात पॉइंट बॅरोजवळ विमान अपघातात गेला. पंचावन्न वर्षांचा होता. वैमानिक वायली पोस्टही गेला. चूक पुरती सुधारायला आणखी वर्षं मिळाली असती तर त्यानं काय केलं असतं, कोण जाणे. माझ्याकडे अजून वेळ आहे.

गेल्या रविवारी कराडला गेलो. थेट गिरणीतच. पट्टा फिरत होता, त्या आवाजात काही ऐकू येईना. मी म्हणालो, "अण्णा, त्या मुंजीत मी जे बोललो ते चुकलं माझं." त्यानं कानामागे हात नेला. मी परत ओरडून सांगितलं. दळणाच्या रांगेतल्या बायका बघायला लागल्या.

अण्णानं डब्यातलं गहू चाड्यात ओतलं, हात झटकले आणि म्हणाला, "कुठलं, ते रांगोळीचं? अरे, मी कधीच विसरलो ते!"

रांगोळी हा शब्द मी काढलाच नव्हता.

थट्टा भर हॉलमध्ये केली होती, तिची माफी गिरणीच्या आवाजात मागून फिटत नाही. त्या दिवशी हसलेले बरेचजण हे वाचतात, म्हणून इथे लिहिलं. अण्णा, चुकलं माझं.

आत्या, एवढं त्याला वाचून दाखव.