प्रॅक्टिकलचे तास

30 जून 2024, रविवार. पासली

पाऊस धरून आहे. तोरण्याचा माथा सकाळपासून ढगात. तरवा अजून हाताएवढा व्हायचाय, लावणीला थोडे दिवस आहेत, म्हणून दादा निवांत बसला होता. भाचरांत-पुतण्यांत बी.एस्सी.ला जाणारी त्याची मुलगी पहिलीच. कॉलेजचं पत्रक पुढे ठेवून त्याने मला विचारलं, "बावीस क्रेडिट म्हणजे नेमके किती तास गं?"

हा प्रश्न पालकांनी विचारायलाच हवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात त्याचं उत्तर आहे. सत्र पंधरा आठवड्यांचं. थिअरीच्या एका क्रेडिटला 15 तास, प्रयोगशाळेच्या एका क्रेडिटला किमान 30. मी पत्रकाच्या मागेच मांडून दाखवलं. तीन विज्ञान विषय, प्रत्येकाची थिअरी दोन क्रेडिटची आणि प्रॅक्टिकलही दोनचं. म्हणजे आठवड्याला थिअरीचे सहा तास आणि प्रॅक्टिकलचे बारा. उरलेली दहा क्रेडिट ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली यांची, त्यांचे दहा तास. एकूण अठ्ठावीस.

दादा आकड्यांकडे बघत म्हणाला, "म्हणजे गुण सहाचे आणि राबणं बारा तासांचं." सहा म्हणजे गुण नव्हेत, क्रेडिट, एवढी दुरुस्ती मी केली. बाकी त्याचं म्हणणं बरोबर होतं.

9 जुलै, मंगळवार. पुणे

संलग्न कॉलेजांत यंदापासून नवा आराखडा, त्यामुळे स्टाफरूममध्ये दिवसभर वेळापत्रकाचीच चर्चा. प्रयोगशाळा तेवढ्याच, टेबलं तेवढीच, आणि बॅचेस बसवायच्या.

प्रयोगाच्या तासाला निम्मं मोल का, असं नवे सहकारी विचारतात. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासक्रम तासांनी मोजायची रीत पक्की झाली. 1906 च्या सुमारास कार्नेगी प्रतिष्ठानाने प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनाशी तिची सांगड घातली, म्हणून ती झपाट्याने पसरली. व्याख्यानाच्या तासामागे विद्यार्थी घरी आणखी अभ्यास करतो, प्रयोगाचं काम मात्र बहुतेक प्रयोगशाळेतच संपतं, असं त्यामागचं गृहीतक. ते पुष्कळसं खरंही आहे. पण त्यातूनच दुसरी गोष्ट निघते: जे काम घरी होऊच शकत नाही, त्याच्या तासाला कात्री लावता येत नाही.

बेरियम सल्फेटचं वजनी मापन घ्या. गरम द्रावणात थेंब थेंब अवक्षेप पाडायचा, तो तासभर तापत ठेवायचा म्हणजे कण मोठे होतात, मग राखविरहित कागदातून गाळायचा, क्लोराइड निघून जाईपर्यंत धुवायचा, मुशीत जाळायचा, थंड करायचा, तोलायचा, आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा जाळायचा. यात घाई केली की कण कागदातून निसटतात आणि उत्तर कमी येतं. चार तासांचं प्रॅक्टिकल दोन-दोन तासांत तोडलं तर बेरीज तीच राहते, पण हा प्रयोग वेळापत्रकातून जातो. मी आज बैठकीत हेच सांगितलं आणि सलग चार तासांचा आग्रह सोडला नाही. रसायनापुरता तो मान्य झाला.

25 जुलै, गुरुवार. पुणे

रात्रभर कोसळला. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरांत शिरलं. सगळं बंद. वेल्ह्याकडचा फोन दुपारी लागला, सगळे ठीक आहेत.

बुडालेलं व्याख्यान मी शनिवारी घेईन, नोट्सही पाठवेन. बुडालेल्या प्रॅक्टिकलला मात्र रिकामी लॅब हवी, तयार द्रावणं हवीत, लॅब असिस्टंट हवा. वेळापत्रकात सुरुवातीपासून भरपाईचे दिवस राखून ठेवले नाहीत तर साठाचे पन्नास तास कधी होतात ते कोणाला कळत नाही. जर्नल मात्र पूर्ण दिसतं.

11 ऑगस्ट, रविवार. पुणे

पुतणी भेटायला आली. नसरापूरला मामाकडे राहते, चेलाडी फाट्यावरून बस पकडते. ओपन इलेक्टिव्ह म्हणून तिने इतिहासाचा विषय घेतलाय. राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयानुसार हा विषय आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. मला हा नियम मनापासून पटतो. तोरण्याच्या सावलीत वाढलेल्या मुलीने साधनं कशी वाचायची, दंतकथा आणि पुरावा यांत फरक कसा करायचा हे शिकावं, आणि ते करताना रसायनही सोडू नये. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने पदवी शिक्षणात सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. इतकी वर्षं ती बहुतेक कागदावरच होती.

माझी काळजी दुसऱ्या बाजूची आहे. कला-वाणिज्यच्या मुलांना विज्ञानाचा ओपन इलेक्टिव्ह मिळतो तेव्हा तो बहुधा फळ्यावरचा असतो. दोन क्रेडिट थिअरीतून दिली तर तीस तास आणि एक खोली पुरते. प्रयोगातून दिली तर साठ तास, लॅब, काचसामान आणि दुप्पट शिकवणं लागतं. म्हणून ती मुलं विज्ञान शिकतात पण ब्यूरेट हातात धरत नाहीत. त्यांच्यासाठी महागडं काही लागत नाही. आपापल्या गावच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणायचं आणि ईडीटीएने त्याचा जडपणा काढायचा. वाइनसारखा लाल रंग एका थेंबाला निळा होतो. दोनदा तेच वाचन आल्याशिवाय लिहायचं नाही, ही शिस्त हिशेबनीस होणाऱ्या मुलालाही उपयोगी पडते. पुढच्या वर्षासाठी असा अभ्यासक्रम लिहायला घेतलाय.

8 सप्टेंबर, रविवार. पासली

काल गणपती बसले. घर पाहुण्यांनी भरलंय. खाचरं हिरवीगार, कडेने तेरडा.

वहिनीच्या पातळावर हळदीचा डाग पडला, साबण लावला तर तो लालभडक झाला. पुतणीने लगेच पोरांना गोळा केलं. हळदीचं पाणी, साबण, चुना, लिंबू. लाल झालेलं लिंबाने पुन्हा पिवळं. पोरं सांगितलं त्यावर थांबेनात, राख आणली, चिंच आणली, गोमूत्र आणलं. तिने प्रत्येक वाटीचं निरीक्षण लिहून ठेवलं, तारीखवार. लॅबमधली सवय दोन महिन्यांत अंगात मुरली, याचा मला फार आनंद झाला.

रात्री दादाने खरी अडचण सांगितली. तिचं एक प्रॅक्टिकल संध्याकाळी उशिरा संपतं. त्यानंतरची बस चुकली की मामाला फाट्यावर न्यायला यावं लागतं, म्हणून ती शेवटचा अर्धा तास आधी निघते. नेमका त्याच अर्ध्या तासात निकाल काढून मांडायचा असतो. प्रॅक्टिकल सकाळी आणि ओपन इलेक्टिव्ह दुपारी, एवढी अदलाबदल केली तरी तिचा प्रयोग पूर्ण होईल. एखादं व्याख्यान मैत्रिणीच्या वहीतून भरून काढता येतं. तिच्या कॉलेजला त्याने अर्ज लिहायचं ठरवलंय, मसुदा मी करून दिला.

वेल्हे-भोरकडच्या आईबापांना माझं सांगणं आहे: विज्ञानाला प्रवेश घेताना फीबरोबर वेळापत्रकही मागा. दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलचे साठ तास त्यात दिसतात का ते मोजा. ते सलग आहेत का आणि मुलीच्या शेवटच्या बसआधी संपतात का, हेही तिथेच विचारा.