मरका डीव्हीडी ड्राइव्ह आणि लिनक्स

साकोलीत दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरात सगळ्यात आधी मेलेला असतो तो डीव्हीडी ड्राइव्ह. हा धानाचा मुलूख. राईस मिलच्या ऑफिसातलं मशीन उघडलं, की कोंड्याची बारीक पूड पंख्यापासून ड्राइव्हच्या लेन्सपर्यंत बसलेली. मग तो डिस्क फिरवतो, थांबतो, पुन्हा फिरवतो आणि नाद सोडतो. “भाऊ, नुसतं घरघर करते जी, वाचत काही नाही,” म्हणत लोक नवा ड्राइव्ह मागतात. मी विकत नाही. लिनक्स टाकायला तो लागतोच कुठे?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षा चिप मागतं. त्यामुळे चांगली चालती मशीनं अचानक म्हातारी ठरली. त्यातली बरीच लिनक्स टाकायला माझ्या टेबलावर येतात.

पोरं लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करून आणतात आणि बूट होत नाही म्हणतात. होणारच नाही. जुन्या बायोसला फाइल वगैरे काही कळत नाही. तो डिस्कचे पहिले ५१२ बाइट उचलतो, शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण दिसली की तिथला कोड चालवतो. कॉपी केलेली आयएसओ डिस्कच्या पोटात कुठेतरी पडलेली असते. ती पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी उतरवावी लागते. यातली एक गंमत मला फार आवडते. सीडीच्या १९८८ च्या मानकात सुरुवातीचे ३२ किलोबाइट मोकळे सोडले होते. लिनक्सवाल्यांनी त्याच रिकाम्या जागेत हार्ड डिस्कचा बूट कोड बसवला, म्हणून एकच फाइल सीडीवरूनही उठते आणि पेनड्राइव्हवरूनही.

काही जुन्या बोर्डांवर पेनड्राइव्ह यूएसबीच्या नावाने दिसत नाही, हार्ड डिस्कच्या यादीत दडून बसतो. तोही मशीन चालू करण्याआधी लावला असेल तरच. आणि काही बोर्डांना यूएसबीवरून उठणं ठाऊकच नसतं.

अशा वेळी मी सरळ हार्ड डिस्क काढतो आणि दुकानातल्या मशीनला जोडतो. आधी त्या मशीनच्या स्वतःच्या डिस्कची केबल उपसायची, म्हणजे ग्रब हा बूट लोडर भलत्या घरात जाऊन बसत नाही. डेबियन लिनक्स टाकायचं, डिस्क परत मूळ जागी लावायची, बटण दाबायचं. विंडोज एक्सपी असं हलवलं तर बहुतेक वेळा निळा पडदा यायचा, कारण ते ज्या कंट्रोलरवर बसलं त्याचाच ड्रायव्हर धरून उठायचं. डेबियन मात्र सुरुवातीलाच बहुतेक कंट्रोलरांचे ड्रायव्हर सोबत घेऊन उठतं आणि दर वेळी समोर काय आहे ते नव्याने पाहतं. डिस्कचं विभाजनही ते एसडीए, एसडीबी अशा नावाने शोधत नाही. विभाजनाला मिळालेल्या लांबलचक क्रमांकाने ओळखतं. केबल या खाचेतून त्या खाचेत गेली तरी त्याचं काही बिघडत नाही. फार तर नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं.

बायोसऐवजी यूईएफआय असलेल्या मशीनला मात्र ही युक्ती तशीच चालत नाही. तिथे बूटची नोंद बोर्डाच्या मेमरीत असते आणि ती माझ्या दुकानातल्या बोर्डात राहून जाते. म्हणून ग्रब बसवताना ‘रिमूव्हेबल’चा पर्याय द्यायचा, मग तो ठरलेल्या सामाईक फोल्डरात जातो, आणि नोंद नसली तरी बहुतेक बोर्ड तिथे डोकावतात.

वायफाय नाही चाललं तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करायचं. लिनक्सला ते वायरच्या नेटसारखंच दिसतं.

सगळ्यांना मी लिनक्स देत नाही. अर्ज टायपिंगचं काम करणाऱ्याची जुनी कागदपत्रं श्रीलिपी या विंडोजवरच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरातली असतील तर त्याला विंडोजवरच राहू देतो; नाहीतर तो दुसऱ्याच दिवशी परत येईल, आणि चूक त्याची नसेल. मिलचा हिशेब, ऑनलाइन फॉर्म, पोरांचा अभ्यास यांना काही अडत नाही.

राहिला तो मेलेला ड्राइव्ह. लॅपटॉपातून तो काढला की त्या जागी कॅडी, म्हणजे दुसरी डिस्क धरणारी चौकट, बसते. मूळ जागी एसएसडी, कॅडीत जुनी हार्ड डिस्क. कॅडी ९.५ मिलिमीटरची येते आणि १२.७ चीही, तेव्हा नागपूरहून मागवण्याआधी ड्राइव्हची जाडी मोजून घ्यायची.