धरलेलं आणि सोडलेलं

अकरावीला भौतिकशास्त्राच्या सरांनी आम्हाला वहीत डावीकडे चार बोटं समास सोडायला लावला होता. उदाहरणाला हात घालण्याआधी तिथे लिहायचं, काय धरलं आणि काय सोडलं. दोरीला वजन नाही असं धरलं. कप्पीचं घर्षण सोडलं. हवेचा रोध सोडला. या समासाला परीक्षेत मार्क नव्हते, त्यामुळे दिवाळीपर्यंत बहुतेकांचा तो कोराच राहायला लागला. माझाही.

त्याच वर्षी आण्णांनी उन्हाळी भुईमुगासाठी जुना तुषार संच घेतला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, सहा मीटरचे दोन पाइप झाले की एक स्प्रिंकलर. मी नुकतीच प्रक्षेप्य गती शिकलो होतो, अंगात वारं शिरलं होतं. 3 किलो प्रेशरला नोझलमधून पाणी सेकंदाला साधारण 24 मीटर वेगाने सुटणार, कोन 30 अंशांचा, म्हणजे फेक 50 मीटरच्या वर. “आण्णा, तो माणूस उगाच जास्त स्प्रिंकलर खपवतोय. चार पाइपांनंतर एक पुरे. निम्मी फेक तर मी अशीच सोडून दिलीय.” शिकलेला पोरगा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी ऐकलं.

पाणी जेमतेम तेरा-चौदा मीटरवर पडत होतं. दोन वर्तुळांच्या मधले पट्टे कोरडे राहिले, आणि नेमक्या फुलांतून आऱ्या सुटून मातीत शेंगा धरायच्या दिवसांत. कडक मातीत आरी शिरत नाही, हे आण्णांना माहीत होतं, मला नव्हतं. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी वही घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी गणित पाहिलंच नाही, कोऱ्या समासावर बोट ठेवलं. “गृहीत धरणं म्हणजे उधारी, बाबा. घ्यावी लागते. पण वहीत मांडली नाहीस तर फेडायची कुठली, ते कळणार कसं?”

मग तासभर फळ्यावर. गोळाफेकीचा 7.26 किलोचा गोळा घे, सेकंदाला 14 मीटर वेगाने सुटलेला. हवेचा रोध त्याच्या वजनाच्या एक टक्काही भरत नाही, खुशाल सोड. क्रिकेटचा चेंडू सेकंदाला 30 मीटर वेगाने टोलवला, की तोच रोध वजनाच्या निम्म्याहून जास्त. आणि तुझा थेंब? नोझलमधून निघालेली धार फुटते, तिचे थेंब होतात. दोन मिलिमीटरच्या थेंबावर सुटताना त्याच्या वजनाच्या दहापटीच्या आसपास रोध. तो पळणार किती? उलट हवेचे उपकार मान, म्हणाले. ती नसती तर दोन किलोमीटरवरून पडणारा पाऊस ताशी 700 किलोमीटर वेगाने डोक्यात बसला असता.

सूत्र चुकलं नव्हतं, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला तेव्हा ते सांत्वन वाटलं. आज पंपांच्या कारखान्यात आकडेमोड करताना कळतं, की ते सांत्वन नव्हतं. नव्या मुलांनी आणलेल्या अहवालात मी आधी समास शोधतो. नसला तर कागद परत. मुलं मागे काय म्हणत असतील ते मला माहीत आहे, आम्हीही सरांना तेच म्हणायचो.

पुढच्या रविवारी सर सायकलवरून शेतावर आले, पाइप हलवायला लागले. स्प्रिंकलर पुन्हा बारा मीटरवर आले. काढणीला आईने त्यांच्यासाठी शेंगांची पिशवी बांधली. ते घेईनात. मग म्हणाले, “देणारच असाल तर दोन पुड्या करा. एक वर्तुळातल्या शेंगांची, एक कोरड्या पट्ट्यातल्या.” दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या तराजूत त्यांनी दोन्हीकडच्या वीस-वीस शेंगा तोलल्या. पट्ट्यातल्या निम्म्या पोचट. मला आकडे लिहायला लावले, समासासकट. या खेपेला मी तो काठोकाठ भरला: शेंगा न निवडता घेतल्या असं धरलं, जमीन सगळीकडे सारखी धरली, पंपाचं प्रेशर कायम धरलं.

ती वही अजून माझ्याकडे आहे. त्या समासाच्या तळाशी सरांच्या लाल शाईत एकच शब्द आहे: ‘वारा?’