वेताळ मोठा झालाच नाही

आमच्या सोनारीत 'वेताळ' हा शब्द कॉमिक्सच्या कितीतरी आधीपासून होता. परंडा तालुक्यातलं हे काळभैरवनाथाचं गाव. भुताखेतांचा राजा कोण, हे पोरांना शाळेत नाव घालायच्या आधीच ठाऊक असायचं. त्यामुळे 'इंद्रजाल कॉमिक्स'चा अंक पहिल्यांदा हाती आला तेव्हा आम्ही जरा गोंधळलोच. हा वेताळ चांगला उंचापुरा, डोळ्यांवर काळा मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला कवटीची गुहा, आणि वागायला एकदम सभ्य! आजीनं मात्र चित्र न बघताच फर्मान काढलं, "दिवेलागणीला तसलं नाव घेऊ नका रे."

मूळचा तो लीचा, म्हणजे ली फॉकचा, 'फॅन्टम'. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत १९३६ साली जन्मला. चारशे वर्षं बापामागून मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं की हा मरतच नाही, हे चालतं-फिरतं भूत आहे. अशा माणसाला 'वेताळ' हे नाव ज्यानं कुणी दिलं त्याला माझा नमस्कार. भाषांतर असं असावं!

'टाइम्स ऑफ इंडिया'वाल्यांनी इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू केलं. ते मराठीतही निघायचं. सुरुवातीचे बत्तीस अंक निव्वळ वेताळाचे, मग जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. अमेरिकेतून आलेल्या गोष्टींना इथं थोडा देशी रंग देत. वेताळाच्या देशाचं मूळ नाव 'बेंगाली'च्या वळणाचं, आपल्या वाचकाला बंगाल आठवू नये म्हणून की काय, इथं तो 'डेंकाली' झाला. वेताळाच्या मित्रांची जी बुटकी जमात आहे तिचं नाव 'बांदार'. सोनारीच्या देवळापाशी माकडांचा सुळसुळाट, त्यामुळे या नावावरून आमच्यात किती विनोद झाले असतील ते सांगायला नको.

आधी मासिक, मग पाक्षिक आणि ८० च्या दशकात चक्क साप्ताहिक. दर आठवड्याला नवीन! अर्थात सोनारीला 'दर आठवड्याला' याला काही अर्थ नव्हता. कुणी बार्शीला बाजाराला गेलं, कुणाचे मामा कुर्डुवाडीहून आले, तर एस.टी.तून दोन-तीन अंक यायचे. ते इतक्या हातांतून फिरायचे की शेवटची पानं गळालेली असत आणि गोष्टीचा शेवट ज्याला ठाऊक तो भाव खायचा.

आणि 'बहादूर'! हा आपला. आबिद सुरतींनी १९७६ साली लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. कुर्ता आणि जीन्स घातलेला, चंबळच्या डाकूंशी लढणारा, गावकऱ्यांना एकत्र करून त्यांचं दल उभारणारा. वेताळाचं जंगल आम्ही पाहिलं नव्हतं, पण बहादूरच्या गोष्टीतली धूळ, बाभळी आणि बाजेवर बसलेली माणसं रोजचीच होती. मला वाटतं इंद्रजालमधली खरी ठिणगी ही होती. पण ती एकटीच राहिली. बाकी माल बहुतेक आयात.

१९९० साली इंद्रजाल बंद झालं. तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. दूरदर्शन घरोघर आलं होतं. वेताळ पुढे डायमंड कॉमिक्समध्ये दिसला, पण आम्ही तोवर मिशा फुटलेली पोरं झालो होतो आणि बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर यांच्याकडे वळलो होतो. चित्रं सुटली ती सुटलीच. मोठ्या माणसाला चित्र हवं तर ते दिवाळी अंकात. 'आवाज'च्या खिडक्या, फडणीसांची मुखपृष्ठं, सरवट्यांची व्यंगचित्रं. मराठीतली ही परंपरा मोठी आहे, मी तिचा भक्त आहे, पण ते एका चौकटीत संपणारं हसू. दोनशे पानं चालणारी, रडवणारी, मोठ्यांसाठीची चित्रकथा? शोधावी लागते.

जपानात उलटं झालं. तिथं १९५९ साली एकाच दिवशी पोरांची दोन चित्रसाप्ताहिकं निघाली, 'शोनेन मॅगझिन' आणि 'शोनेन संडे'. ती वाचणारी पोरं कॉलेजात, नोकरीत गेली, तशी १९६७-६८ पासून तरुणांसाठीची चित्रमासिकं येऊ लागली. मग १९७९ ला 'यंग जंप', १९८० ला 'यंग मॅगझिन'. स्वस्त कागद, जाडजूड अंक, गाडीत वाचायचा आणि टाकून द्यायचा. गाजलेली गोष्ट नंतर पुस्तक होऊन कपाटात. 'शोनेन जंप'चा खप नव्वदच्या दशकात पासष्ट लाखांवर गेला होता. पण मला खपापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा हेवा वाटतो. तिथं दर आठवड्याची पानं भरायला घरचेच चित्रकार लागत, म्हणून ते घडत गेले. आपण तयार गोष्टी विकत आणल्या, त्यामुळे वाचक घडले, चित्रकार फारसे नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण पुतण्या. तो वीस वर्षांचा, परंड्याला कॉलेजात. रात्रंदिवस मोबाईलवर जपानी चित्रकथा वाचतो, त्याही इंग्रजीतून. चिनी राजांच्या लढायांची 'किंगडम' नावाची एक आहे, २००६ पासून यंग जंपमध्ये चालू असलेली. मी म्हटलं, "एवढं इंग्रजी कळतं का रे?"

"कळत नव्हतं काका, हे वाचून कळाय लागलं."

म्हणजे इकडे गोष्टीसाठी पोरगं भाषा शिकतंय! मला कौतुकही वाटलं आणि पोटात कुठेतरी तुटलंही. मग त्यानं विचारलं, "आपल्या मराठीत नाय का असलं?"

मी पेटी काढली. वाळवीतून वाचलेले अकरा इंद्रजाल आहेत माझ्याकडे. त्यातला बहादूरचा त्यानं तिथंच उंबऱ्यावर बसून वाचला. वीस मिनिटं लागली. "चित्रं भारी हायेत," म्हणाला, "पण लगेच संपतंय." आणि दुसरा मागितला. बहादूरचे माझ्याकडे तेवढे तीनच. बार्शीच्या रद्दीवाल्यांकडे सांगून ठेवलंय, दिवाळीआधी एक मिळालाय, मुखपृष्ठ नाही त्याला.