भुकेचा हिशेब

पहाटे मार्केट यार्डात पालेभाजीच्या बाजूला पाय ठेवायला जागा नव्हती. टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरत होत्या, पायाखाली मेथीचा चिखल. इतकं अन्न एका जागी पाहिलं की मला हेलन क्लाबेन आणि राल्फ फ्लोरेस आठवतात.

४ फेब्रुवारी १९६३ ला कॅनडाच्या युकॉन भागात त्यांचं छोटं विमान कोसळलं. तिचा हात मोडलेला, त्याचा जबडा. थंडी उणे चाळीसच्या घरात. सार्डिन माशांचे नि फळांचे मोजके डबे, थोडी बिस्किटं. ती संपल्यावर नुसता बर्फ वितळवून प्यायचा. तरी दोघं ४९ दिवस तगली. फ्लोरेसनं बर्फात पायांनी भलीमोठी एस.ओ.एस. अक्षरं तुडवली, ती एका वैमानिकाला दिसली.

उपाशी माणसानं उरलीसुरली ताकद अक्षरांवर खर्चावी! चिवटपणा म्हणतात त्यात निम्मा भरवसाच असतो, कुणीतरी बघेल हा.

शेजारून पाठीवर पोतं घेतलेला हमाल "बाजू, बाजू!" ओरडत गेला. हमालांना संघटित करणाऱ्या बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये सुरू केलेली, कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी 'कष्टाची भाकर' मला त्याच भरवशाची वाटते. भूक एकट्यानं सोसता येते. तिच्यातून सुटायला मात्र दुसरा माणूस लागतो.