सुटीचा रकाना

परवा संध्याकाळी माझा भाचा दीपनगरला आमच्या घरी आला आणि आल्या आल्या त्याने पंचांग मागितले. बायकोने माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिले. तिला वाटले, पोराने कुठेतरी लग्न जमवले! पण स्वारीने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि विचारले, "मामा, पुढच्या वर्षी आखाजी कधी आहे हो?"

हा एका कंत्राटदाराकडे नियोजनाचे काम पाहतो. कोणते काम कधी सुरू होऊन कधी संपेल, हा हिशेब मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट नावाचा कार्यक्रम करतो. त्याला कामाचे दिवस आणि तास तेवढे सांगावे लागतात. आपण काही सांगितले नाही, तर तो सोमवार ते शुक्रवार, सकाळी 8 ते 12 आणि दुपारी 1 ते 5 एवढेच काम धरतो. शनिवार-रविवार सोडले, तर त्याला दुसरे कोणतेही व्रत नाही. दिवाळी नाही, पोळा नाही. 15 ऑगस्ट तारखेने येतो, म्हणून तो एकदा सांगितला की दरवर्षी आपोआप धरता येतो. आपले सण तिथीने चालणारे. ते दरसाल हाताने भरावे लागतात. त्यासाठीच हे पंचांग!

"सुटीचे एवढे काय रे?" मी म्हटले.

तेव्हा त्याने आपली फजिती सांगितली. आदल्या एका कामावर साहेबांनी हुकूम सोडला, की आठवड्याचे सातही दिवस कामाचे धर आणि दिवसाचे तास दहा कर. याने तास वाढवले. पण 'एक दिवस म्हणजे किती तास' हे निराळ्या ठिकाणी सांगायचे असते, तिथे आठच राहिले. झाले! पाच दिवसांचे काम यंत्राने चाळीस तासांचे मानले आणि चौथ्याच दिवशी उरकून दाखवले. साहेब खूश. पुढे आखाजी आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळी माहेरी यायच्या, झाडाला झोके चढायचे, सालदाराचे जुने साल संपून नवे ठरायचे. कागदावर काम धडाक्याने चालू होते आणि जागेवर चिटपाखरू नव्हते. पुढची सगळी कामे घसरली. बोलणी भाच्याने खाल्ली.

बोलता बोलता त्याने मला आणखी एक तयार वेळापत्रक दाखवले. नाव रातपाळी. रात्री 11 ते सकाळी 8, मध्ये 3 ते 4 विश्रांती. ते पाहून मला वडील आठवले. त्यांच्या पाळीच्या वेळा निराळ्या होत्या, पण रात्र हीच. ते इथल्याच वीजकेंद्रात होते. ते दिवस 210 मेगावॅटच्या संचांचे. 500 मेगावॅटचे दोन संच पुढे आले. एका वर्षी ऐन लक्ष्मीपूजनाला त्यांना रातपाळी लागली. "दिवाळीची तरी सुटी नाही का?" आईने विचारले. "आम्ही सुटी घेतली, तर लोकांची दिवाळी नुसत्या पणत्यांवर होईल," असे म्हणून त्यांनी डबा उचलला. सकाळी ते परतल्यावर आम्ही भावंडांनी त्यांच्यासाठी राखलेल्या फुलबाज्या भर उन्हात पेटवल्या. उजेड कुणालाच दिसला नाही. डोळ्यांवर झोप असतानाही वडील मात्र शेवटची फुलबाजी विझेपर्यंत उभे होते.

काही कामांना खरोखरच सुटी नसते. वीज थांबत नाही. ओतलेले काँक्रीटही रविवार न पाळता मुरत राहते, म्हणून त्याचे दिवस सुटीसकट सलग मोजायची सोय या कार्यक्रमात आहे. पण माणूस काँक्रीट नव्हे. त्याची सुटी लिहिली नाही, म्हणून ती नाहीशी होत नाही.

भाच्याने आखाजीचे दोन दिवस सुटीचे केले. लगेच खालची सगळी कामे सरकली आणि काम संपण्याची तारीख पुढे गेली. तो गप्प झाला.

"साहेब ओरडतील, मामा."

"त्यांना सांग, सुटी तू दिली नाहीस. ती होतीच. तू फक्त लिहिलीस."

त्याने क्षणभर विचार केला आणि तो तक्ता तसाच साहेबांना धाडून दिला. मग थोडा सैलावून म्हणाला, "यात प्रत्येक माणसाचे वेगळे वेळापत्रकही ठेवता येते." असे म्हणून त्याने स्वतःच्या नावापुढे दिवाळीचे चार दिवस सुटीचे केले.

चहा घेऊन आलेली बायको त्याच्या खांद्यावरून डोकावली. "चारच?" ती म्हणाली. "आणि लग्नाचे रे?"