दुधात टिकणारी कॉफी

भाईंदर पूर्वेत कॉफी पिणारा माणूस बहुतेक वेळा दुधातली कॉफी पितो. माझ्या दुकानातलं भाजणं, दळणं, विकणं सगळं या एका गोष्टीवर ठरतं. चांगली कॉफी म्हणजे हलकी भाजलेली, काळी आणि बिनसाखरेची, असा एक समज मुंबईतल्या नव्या कॅफेंनी रुजवला आहे. तशी कॉफी मला मनापासून आवडते, माझ्याकडे मिळतेही. पण संध्याकाळच्या लोकलमधून उतरून नवघर रोडने घराकडे निघालेल्या एक काकू पाव किलोचं पाकीट घेताना म्हणतात, "कडू नको गं, पण दुधात घातल्यावर वास घरभर आला पाहिजे." या मागणीत चवीची पक्की जाण आहे आणि ती पुरी करणं सोपं नाही.

आपल्या घरांत चहा रोजचा. कॉफी उपासाला, परीक्षेच्या जागरणाला, पावसाळी रात्री. त्यात जायफळ हवंच. कोकणात जायफळ चांगलं येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही त्याची जात काढली आहे. अनेकांना वाटतं, जायफळ आलं की कॉफी कुठलीही चालते. मला उलटा अनुभव आहे. शिळ्या, जळक्या कॉफीत फक्त जायफळ लागतं. ताज्या कॉफीत दोन्ही वास वेगवेगळे ओळखू येतात आणि एकमेकांना धरून राहतात. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगते, पूड दुधात उकळत ठेवू नका. पाण्यात चार मिनिटं मुरवा, गाळा, कढत दूध घाला आणि जायफळ अगदी शेवटी किसा. आधी घातलं तर त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो.

दुधात कॉफीचं काय होतं ते समजून घेतल्याशिवाय भाजणं जमत नाही. दुधातली प्रथिनं कॉफीतला तुरटपणा पकडून ठेवतात, स्निग्धांश तिची धार बोथट करतो. हलक्या भाजलेल्या कॉफीतला फळासारखा आंबटपणा काळ्या कपात सुरेख लागतो, पण दुधात तोच दूध नासल्याची शंका आणतो. अगदी काळी होईपर्यंत भाजली तर दूध कडवटपणा झाकतं खरं, पण मळ्यातून आलेलं जे काही होतं तेही संपलेलं असतं. मधली जागा शोधावी लागते.

ती शोधायला मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांशेजारी एक छोटा गाळा घेतला आहे. भाईंदर पूर्वेचं नाव या भांड्यांच्या धंद्याने झालं. दिवसभर शेजारी पॉलिशची मोटर घरघरत असते, म्हणून मी पहाटे भाजते, कारण भाजणाऱ्याला कान लागतात. कच्चे दाणे ड्रममध्ये गेले की आधी ओल्या गवताचा वास येतो. ते पिवळे पडतात, मग तपकिरी होऊ लागतात, साल सुटून उडते. काट्यावर १९५ ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास पहिला क्रॅक ऐकू येतो, लाह्या फुटाव्यात तसा. आतल्या वाफेच्या दाबाने दाणा तडकतो. हलकी कॉफी करणारे यानंतर लवकरच दाणे बाहेर काढतात. सव्वादोनशेच्या जवळपास दुसरा, बारीक कुरकुरता क्रॅक येतो आणि तेल वर यायला लागतं. माझं दुधासाठीचं भाजणं दुसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबतं. तिथे आच आधीच कमी करून ठेवलेली लागते, कारण त्या टप्प्यावर दाणा स्वतःच उष्णता सोडू लागतो. एक किलो कच्च्या दाण्यांचे उरतात साधारण साडेआठशे ग्रॅम. मग दोन-चार दिवस दाण्यांना तसंच ठेवायचं, आतला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊ द्यायचा.

मिश्रणात मी चिकमंगळूरकडची एस ७९५ ही अरेबिका जास्त घेते. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात आणलेली ही जात. तिच्यात गुळचट गोडवा आणि किंचित मसाल्याचा वास असतो, जायफळाशी तिचं चांगलं जमतं. सोबत थोडी धुतलेली रोबस्टा. रोबस्टाला हलकं लेखण्याची रीत मला पटत नाही. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा तिचाच आहे, आणि पिकलेली लाल फळंच तोडून नीट धुतलेली रोबस्टा दुधाला जो दाटपणा देते तो अरेबिकाला देता येत नाही.

पाण्याकडे मात्र फार थोडे लोक बघतात. काळ्या कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. आमच्याकडे स्टेम प्राधिकरणाचं आणि एमआयडीसीचं पाणी येतं, कमी पडलं की टँकर, आणि खाडीकडच्या बोअरला खारेपणाची झाक. घराघरांत आरओ आहे. त्याच्या पाण्यात क्षार इतके कमी उरतात की कॉफीचा अर्क नीट उतरत नाही, कप पोकळ लागतो. लिटरमागे दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असलेलं पाणी कॉफीला मानवतं. मी दुकानात आरओचं आणि गाळलेलं नळाचं पाणी मिसळते, रोज सकाळी मीटरने मोजून. टँकर आला त्या दिवशी पुन्हा मोजते.

हवेचंही तसंच. पश्चिमेला समुद्र, वर वसईची खाडी, भोवती मिठागरं. जून लागला की दाणे ओल धरतात. मंगळूरच्या किनाऱ्यावर हीच पावसाळी हवा मुद्दाम लावून 'मान्सून्ड मलबार' करतात, दाणे फुगून फिकट सोनेरी होतात, आंबटपणा उतरतो. तिथे ते गोदामात आठवड्यानुआठवडे दाणे पसरून, उलटून, निगुतीने केलं जातं. माझ्या गाळ्यातली ओल मात्र फक्त बुरशी आणेल. म्हणून कच्चे दाणे हवाबंद पिशव्यांत, आणि पावसाळ्यात दळणयंत्राची मापं वारंवार तपासणं.

मुंबईला कॉफीची ओळख जुनी आहे. १९३६ मध्ये चर्चगेटला इंडिया कॉफी हाऊस उघडलं. माटुंग्यात आजही डोळ्यांसमोर कॉफी दळून देणारी दुकानं आहेत. पण १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्याला आपलं पीक कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावं लागे. नव्वदच्या दशकात ते बंधन सुटत गेलं आणि १९९६ मध्ये विक्री पूर्ण मोकळी झाली. माझ्यासारखं एका गाळ्याचं दुकान एका मळ्याकडून थेट दोन पोती घेऊ शकतं, ते त्यामुळेच.

२०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. ब्राझीलमधला दुष्काळ हे मोठं कारण. आपल्या मळेवाल्यांच्या हाती बरा पैसा आला, याचं मला समाधान आहे. पण दुकानात भाव वाढवणं भाग पडलं. अशा वेळी चिकोरी वाढवण्याचा मोह धंद्यात असतो. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून जरा जास्त, म्हणजे ५१ टक्के, कॉफी असली तरी नियमात बसतं. चिकोरीशी माझं वैर नाही, तिने दाटपणा येतो, ती आवडणारी घरं आहेत. त्यांना मी मागतील तेवढी घालून देते. न सांगता घालणं मला मान्य नाही. त्यापेक्षा मी शंभर ग्रॅमचं पाकीट काढलं. दळलेल्या पुडीचा वास तसाही झपाट्याने उतरतो, तेव्हा लहान पाकीटच बरं.

पाकिटावर भाजल्याची तारीख, मळ्याचं गाव, अरेबिका आणि रोबस्टाचं प्रमाण आणि चिकोरी असेल तर तिचे टक्के मराठीत छापलेले असतात. आमच्या भागात गुजराती आणि हिंदी वाचणारीही खूप घरं आहेत. त्या दोन भाषांतला मजकूर छापखान्यात गेला आहे.